विदर्भाच्या थंडीला कोणता टायर?

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात मोटारीला हिवाळी टायर लावणं कायद्यानं सक्तीचं आहे. वर्षातून दोनदा टायर बदलायचा व्याप नको असलेले लोक तिकडे 'ऑल-वेदर' टायर घेतात. हा उन्हाळ्यातही काढावा लागत नाही, आणि त्याच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण असं चिन्ह असतं. म्हणजे बर्फावरच्या पकडीची चाचणी त्यानं पार केलेली असते. हिवाळ्यासाठी चांगला टायर शोधायला गेलं की हीच माहिती समोर येते आणि वरूड-मोर्शीकडचा संत्रा बागायतदारही विचारात पडतो, की आपणही हाच घ्यावा का? माझ्या मते घेऊ नये. त्यामागचं कारण रबरात आहे.

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये गंधक घालून तापवलं तेव्हा या साखळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या आणि रबर टिकाऊ झालं. पण दोन जोडांमधला साखळीचा भाग सतत वळवळत असतो. मोटारीचा प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकतो. तेवढ्या जागेत रबर डांबराच्या बारीक खाचाखळग्यांत शिरतं, म्हणून पकड मिळते. थंडी वाढली की वळवळ मंदावते, रबर ताठर होतं आणि खाचांत न शिरता वरच्यावर सरकतं. १९८६ साली अमेरिकेच्या चॅलेंजर या अंतराळयानाचा अपघात झाला, त्याच्या मुळाशी थंडीनं ताठर झालेली रबरी कडीच होती. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी तसं रबर बर्फाच्या पाण्यात बुडवून ते चौकशी समितीसमोर दाखवून दिलं.

साधा टायर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली पकड गमावू लागतो, असा ढोबळ नियम आहे. हिवाळी टायरच्या रबराचं मिश्रण याही खाली मऊ राहील असं बनवतात, आणि ऑल-वेदरचं मिश्रणही त्याच बाजूला झुकलेलं असतं.

आता आपल्याकडचा पारा बघा. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांची नोंद झाली होती, पण अशी थंडी पहाटेपुरती असते. दुपारी ऊन पडलं की स्वेटर काढावाच लागतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट पहाटे चढणाऱ्यानं थोडं सांभाळावं, एवढंच. उलट २०१३ च्या मे महिन्यात नागपूर ४७.९ अंशांवर गेलं होतं, आणि तशा उन्हात डांबर ६० अंशांच्याही वर तापतं. थंडीसाठी मऊ ठेवलेलं रबर तिथे झपाट्यानं झिजतं आणि ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. चार पहाटेंसाठी वर्षभराची पकड घालवू नका.

मग थंडीत बघायचं काय? आधी हवा. दुपारी ३० अंशांत टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, तर पहाटे १० अंशांत ती आपोआप ३० वर येते. पंक्चर नाही, व्हॉल्व्ह गळत नाही, हवा फक्त आकसली. नायट्रोजन भरला तरी तो तेवढाच आकसतो, कारण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. म्हणून हवा नेहमी सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरवर तपासावी. कापसाची नाहीतर संत्र्याची खेप भरणार असाल तर कंपनीनं त्या वजनासाठी दिलेला आकडा पाळावा. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवायची आपल्याकडची सवय तर धोक्याची आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडतो, त्या दुमडण्यानंच तापतो आणि समृद्धी महामार्गासारख्या लांब, वेगाच्या काँक्रीट रस्त्यावर फुटण्याची पाळी येते.

दुसरी गोष्ट काळी माती. गव्हा-हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं की पांदणीतून निघणारे ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर चिखल आणून टाकतात. बेसाल्ट झिजून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे थर कागदाहूनही कितीतरी पातळ, आणि त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की ते फुगतात, एकमेकांवरून सहज घसरतात. दुपारी वाळलेला चिखल निरुपद्रवी दिसतो. पहाटे दव किंवा धुवारी पडली की त्याचाच बुळबुळीत लेप होतो. जोराचा पाऊस तो लेप धुऊन नेतो, दव नेत नाही. म्हणून दवाची सकाळ मला पावसापेक्षा जास्त भीतीची वाटते. इथे नक्षीच्या कडा लेप कापून रबर डांबरापर्यंत पोचवतात. नक्षीच्या खोबणीत मधेमधे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की मोटारीचा टायर बदलायलाच हवा. मी तर ३ मिलिमीटरला नवा घ्या असं सांगेन.

दुचाकीला बटन टायर, म्हणजे सुटे सुटे जाड ठोकळे असलेल्या नक्षीचा टायर, लावायची रीत गावोगावी आहे. पांदणीत तो चांगला चालतो, पण डांबरावर त्याचं कमी रबर टेकतं, म्हणून पक्क्या रस्त्यावर ज्याचं रोजचं येणं-जाणं आहे त्यानं तो टाळावा.

दुकानात गेल्यावर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं विचारा. बाजूवर 'टेंपरेचर' या शब्दापुढे ए, बी किंवा सी असं अक्षर छापलेलं असेल तर ए घ्या, तो उष्णता सर्वांत चांगली सोसतो. आणि चार आकडे शोधा. २३२४ असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी कोरी असली तरी रबर पडून पडून म्हातारं होतं, कारण हवेतला ओझोन साखळ्या तोडत असतो. त्याला अडवायला रबरात मेण मिसळलेलं असतं. टायर फिरत, दुमडत राहिला तरच ते मेण नीट पृष्ठभागावर येतं. हंगाम सोडून वर्षभर उन्हात उभ्या असलेल्या ट्रॉलीचे टायर न झिजताच तडकतात ते यामुळेच. अशी ट्रॉली सावलीत लावा, आणि कापूस भरायच्या आधी त्या टायरांच्या बाजू वाकून बघा.