पार्किन्सन्स, डिस्टोनिया, कोरिया: उपचारखर्चाची आयकर वजावट नेमकी कुठे अडते

मेंदूतल्या बेसल गँग्लियाच्या (हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागाच्या) बिघाडाशी जोडलेले पार्किन्सन्स, कोरिया (अंगाच्या अनावर, झटकेदार हालचाली), हेमिबॅलिझमस (एका बाजूचे हातपाय जोरात फेकले जाणे) आणि डिस्टोनिया मस्क्युलोरम डिफॉर्मन्स (स्नायू आखडून अंग पिळवटणे) हे आजार वजावटीला पात्र आजारांच्या, म्हणजे आयकर नियम ११डीडीच्या, यादीत नावानिशी आहेत. तोल जाणारा अटॅक्सियाही आहे. इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे थरथरण्याचा वेगळा आजार, मात्र नाही. हात कितीही थरथरत असले तरी.

१९६१ च्या कायद्यातल्या कलम ८०डीडीबीखाली उपचारखर्चावर ४०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, रुग्ण साठीचा किंवा पुढचा असेल तर १ लाखापर्यंत. वय रुग्णाचे धरतात, करदात्याचे नाही. रुग्ण म्हणजे तुम्ही स्वतः किंवा तुमच्यावर अवलंबून असलेले पती-पत्नी, मुले, आईवडील, भावंडे. वडिलांचे स्वतःच्या पेन्शनवर नीट भागत असेल तर ते तुमच्यावर अवलंबून ठरत नाहीत.

खरी अडचण डॉक्टरांच्या चिठ्ठीची. फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. न्यूरॉलॉजीतले डीएम (एमडीनंतरची विशेष पदवी) किंवा समकक्ष पदवी असलेले तज्ज्ञच हवेत. सरकारी रुग्णालयात उपचार चालू असतील तर तिथले पूर्णवेळ एमडी मेडिसिनही चालतात. चिठ्ठीवर रुग्णाचे नाव, वय, आजाराचे नाव आणि डॉक्टरांचे नाव, पत्ता, पदवी, नोंदणी क्रमांक हवा. शिवाय या आजारांना ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व प्रमाणित असल्याची अट आहे, आणि तो आकडा बहुतेकांच्या कागदांत कुठेच नसतो. दरवर्षी खालावणाऱ्या माणसाकडून टक्केवारीचा कागद मागणे जाचकच आहे, पण अट आहे. पुढच्या तपासणीलाच डॉक्टरांना सांगा. नोटीस आल्यावर धावपळ करू नका. नुसते 'मूव्हमेंट डिसऑर्डर' (हालचालींचा विकार) लिहून घेऊ नका. हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकाराच्या रुग्णाला कोरिया असेल तर तसे स्पष्ट लिहिलेले असावे, कारण यादीत तेच नाव आहे.

विम्याचा हिशेबही हमखास चुकतो. सत्तरीच्या आईवर १,६०,००० खर्च झाला आणि विम्याने ७०,००० दिले, तर वजावट उरलेल्या ९०,००० ची नाही. आधी १ लाखाची मर्यादा लागते, मग त्यातून ७०,००० जातात. हाती ३०,०००. नोकरीच्या ठिकाणाहून मिळालेली भरपाईही अशीच वजा होते.

कागद विवरणपत्राला जोडायचे नसतात, जपून ठेवायचे असतात.

वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे आणि ती प्रणाली विवरणपत्र मूळ मुदतीत भरले तरच निवडता येते. उशिरा भरलेल्या विवरणपत्रात नवी प्रणाली लागते, मग चिठ्ठी कितीही चोख असो. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्यांनी जुनी प्रणाली निवडण्यासाठी त्याच मुदतीत फॉर्म १०-आयईए वेगळा भरायचा आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने त्यापुढच्या वर्षांसाठी कलमांचे क्रमांक नव्याने पाहून घ्या.