वेगांची सरासरी आणि सरासरी वेग

जाताना ताशी 40, येताना ताशी 60. सरासरी वेग किती? स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेल्या कुणालाही विचारा, ‘50’ पटकन तोंडातून निघतं. प्रश्न काढणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून पर्यायांत 50 हमखास ठेवलेले असतात.

50 ही दोन वेगांची सरासरी झाली. सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. एका बाजूचं अंतर 120 किमी धरा. जायला 3 तास, यायला 2 तास. 240 भागिले 5, म्हणजे ताशी 48. गाडी हळू वेगात तास जास्त चालली, म्हणून उत्तर 40 कडे झुकलं. दोन्ही वेगांनी सारखाच वेळ चालली असती, तर 50 बरोबर ठरले असते.

क्लासमध्ये यासाठी एक सूत्र घोटून घेतात: दोन वेगांच्या गुणाकाराची दुप्पट, भागिले त्यांची बेरीज. 4800 भागिले 100, उत्तर 48. पण दोन्ही टप्प्यांचं अंतर सारखं असेल तरच ते चालतं, आणि ही अट मात्र कुणी घोटून घेत नाही.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग घ्या. लांबी साधारण 95 किमी. हिशेबापुरतं धरू की घाटातले 20 किमी ताशी 60 ने आणि उरलेले 75 किमी ताशी 100 ने कापले. घाटाला 20 मिनिटं, बाकीला 45. म्हणजे 65 मिनिटांत 95 किमी, ताशी जवळपास 88. वेगांची सरासरी 80 येते, सूत्राने 75. दोन्ही चूक, आणि या वेळी दोन्ही खऱ्यापेक्षा कमी! मध्ये फूड मॉलवर वडापाव-चहाला 20 मिनिटं थांबलात, तर तोच प्रवास ताशी 67 चा होतो. थांबलेला वेळही एकूण वेळेत धरावा लागतो. घरून निघून पोचेपर्यंतचा हिशेब हवा असेल तर त्यातून सुटका नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. 60 किमीच्या प्रवासातलं अर्धं अंतर ताशी 30 ने झालं. पूर्ण प्रवासाची सरासरी 60 यायला उरलेलं अर्धं किती वेगाने जावं? बहुतेक जण 90 म्हणतात. सरासरी 60 म्हणजे सगळा प्रवास एका तासात. तो तास पहिल्या 30 किमीतच संपला. 90 ने गेलात तरी सरासरी 45 च. रॉकेट लावलंत तरी 60 गाठता येणार नाही.