व्यापारातलं बंधन आणि विकासाचं वचन: देशाने शब्द पाळला हे कशावरून ठरवायचं?

भारताने जगाला दिलेला शब्द पाळला की मोडला, ही चर्चा अधूनमधून पेटते. साखरेच्या अनुदानावरचा जागतिक व्यापार संघटनेचा जिनिव्हातला निकाल आणि संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांची प्रगती तिथे एकाच दमात येतात. व्यापाराचे करार असोत की विकासाची उद्दिष्टं, दोन्हींना सरकारने मान्यता दिलेली आहे, दोन्ही आकड्यांत मोजतात, त्यामुळे गल्लत होणारच. पण व्यापाराचा करार मोडला तर समोरचा देश दाद मागू शकतो. विकासाचं वचन राहून गेलं तर दाद मागायला जागाच नाही.

माझ्या मते याहून महत्त्वाचा फरक वेगळा आहे. व्यापारातली बंधनं बहुतेक वेळा रेषा आखून देतात: हिच्यापलीकडे जाऊ नका. ती पाळायला कित्येकदा एक अधिसूचना पुरते. विकासाची वचनं मात्र कुठे पोहोचायचं ते सांगतात, आणि पोहोचायला दरवर्षी अंदाजपत्रकात पैसा लागतो, जिल्ह्याजिल्ह्यात माणसं लागतात.

रेषा म्हणजे काय, हे खाद्यतेलात नीट दिसतं. जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक सदस्य देश आयात शुल्काची कमाल मर्यादा लिहून देतो. भारताची पामतेलावरची मर्यादा 300 टक्के आहे, सोयाबीन तेलावरची फक्त 45. प्रत्यक्ष शुल्क या मर्यादेखाली कितीही वर-खाली करायला सरकार मोकळं असतं. 2018 मध्ये रिफाइंड पामतेलावरचं शुल्क 54 टक्क्यांवर नेलं गेलं आणि त्याच वर्षी रिफाइंड सोयातेलावरचं शुल्क 45 वर येऊन थांबलं. तिथे कमाल मर्यादाच आली होती. पुढे सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून 20 टक्के झालं, मे 2025 अखेर ते 10 वर आलं. सोयाबीन उत्पादकाच्या दृष्टीने हे निर्णय फार मोठे होते आणि त्यांच्यावर जरूर टीका व्हावी. पण त्यात आंतरराष्ट्रीय शब्द मोडण्याचा प्रश्न कुठेच येत नाही. शुल्क वाढलं की 'भारताने करार मोडला' आणि कमी झालं की 'बाहेरच्या दबावापुढे झुकला', ही दोन्ही विधानं ती मर्यादा न पाहताच केली जातात.

रेषा ओलांडली तर काय होतं, तेही आपण अनुभवलं आहे. परकीय चलनाच्या टंचाईचं कारण देऊन भारताने शेकडो वस्तूंच्या आयातीवर संख्यात्मक निर्बंध, म्हणजे किती माल येऊ द्यायचा यावरच बंधनं, ठेवले होते. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि 1999 मध्ये भारत हरला. 1 एप्रिल 2000 ला 714 वस्तूंवरचे निर्बंध उठले, 1 एप्रिल 2001 ला उरलेल्या 715 वस्तूंवरचे. निकाल विरोधात, देशात विरोध मोठा, तरी मुदतीत अंमलबजावणी. हाही आपल्याच इतिहासाचा भाग आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो.

आज संघटनेच्या त्या तंटा-निवारण यंत्रणेचा धाक उरलेला नाही. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्यामुळे तिथल्या निकालांवरची अपिलं ऐकणारं अपील मंडळ डिसेंबर 2019 पासून बंद पडलं आहे. साखर आणि उसाच्या प्रकरणात ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या तक्रारींवर डिसेंबर 2021 मध्ये भारताविरुद्ध निकाल लागला, त्यावर भारताने अपील केलं. ते ऐकायला मंडळावर कोणी नाही.

तांदळाचं प्रकरण आणखी निराळं आहे. अनुदान उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायचं, हे बंधन. 2018-19 मध्ये भारतात तांदळाचं उत्पादनमूल्य सुमारे 43.67 अब्ज डॉलर आणि अनुदान 5 अब्ज डॉलर होतं, म्हणजे मर्यादा ओलांडली गेली. भारताने ते संघटनेला स्वतःहून कळवलं आणि 2013 च्या बाली परिषदेत मिळालेल्या 'शांतता कलमा'चं, म्हणजे मर्यादा ओलांडली तरी इतर देशांनी तक्रार करायची नाही या सवलतीचं, संरक्षण घेतलं. शिवाय अनुदान मोजताना आजच्या हमीभावाची तुलना 1986-88 च्या किमतींशी करतात. हा हिशेब अन्याय्य आहे, असं भारत वर्षानुवर्षं सांगतो आहे, आणि मला ते पटतं. पण हिशेब अन्याय्य असला तरी तो उघडपणे मांडणं, सवलत घ्यायची तर नियमात बसवून घेणं, यालाही शब्द पाळणंच म्हणायला हवं.

विकासाच्या वचनांकडे आलं की तपासणारा आणि तपासला जाणारा एकच असतो. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांत 17 उद्दिष्टं आणि 169 लक्ष्यं ठरली. आढावा ऐच्छिक, भारताने तो 2017, 2020 आणि 2025 मध्ये सादर केला. देशांतर्गत मोजमाप निती आयोग करतो. त्याच्या निर्देशांकात देशाचे गुण 2018 मध्ये 57 होते, 2023-24 मध्ये 71. वाढ आहेच, पण 2018 ला 13 उद्दिष्टांसाठी 62 निर्देशक होते आणि 2023-24 ला 113. फूटपट्टीच बदललेली असताना दोन आकडे शेजारी ठेवून '14 गुणांची झेप' म्हणणं मला धोक्याचं वाटतं. एकेक निर्देशक घेऊन, आपल्या राज्याचा वेगळा काढून पाहिला तरच काही कळतं. कुपोषणाचा आकडा हलला नसेल तर विजेच्या जोडणीचे पूर्ण गुण त्याची भरपाई करू शकत नाहीत, आणि सरासरी नेमकं तेच करते.

श्रीमंत देशांचंही यात फार वेगळं नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के विकास-मदत देण्याचं लक्ष्य 1970 चं. बहुतेकांनी ते आजवर गाठलेलं नाही. ब्रिटनने 2015 मध्ये त्याचा कायदा केला आणि 2021 मध्ये मदत 0.5 टक्क्यांवर आणली.

दोन्ही प्रकार एकाच कागदावर पाहायचे असतील तर स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिकटेन्स्टाइन या चार देशांशी भारताने 10 मार्च 2024 ला केलेला करार पाहावा. तो 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. आयात शुल्क कोणत्या वस्तूवर किती आणि कधी उतरणार, हे त्यात ओळीओळीने बांधलेलं आहे. पण ज्या 100 अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचा आणि 10 लाख रोजगारांचा गाजावाजा झाला, ते उद्दिष्ट आहे: पहिल्या 10 वर्षांत 50 अब्ज, पुढच्या 5 वर्षांत आणखी 50. पैसा खासगी कंपन्यांचा, त्यामुळे त्या सरकारांनी प्रयत्नांचं वचन दिलं, रकमेची हमी नाही. या वचनाला थोडे दात मात्र आहेत. गुंतवणूक आली नाही तर वाटाघाटींच्या पायऱ्या चढून भारताला शुल्क-सवलती त्या प्रमाणात मागे घेता येतात. पण त्याआधी मोठी मुदत संपावी लागते आणि शुल्ककपात तोवर बरीचशी होऊन गेलेली असेल. म्हणून या गुंतवणुकीचा हिशेब संसदेत दरवर्षी मागितला गेला पाहिजे, पंधराव्या वर्षी नव्हे.