कुंडी ओली, तुळस मलूल

ठाणे असो की नवी मुंबई, डिसेंबर-जानेवारीत कुठल्याही शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात डोकावलं की 'स्मार्ट कुंडी' भेटतेच. एक तुळस किंवा मनी प्लांट, मातीत खोचलेला दोन दातांचा सेन्सर, आर्डुइनो या छोट्या संगणकाचा निळा बोर्ड, पंप चालू-बंद करणारा एक रिले आणि पाण्याच्या बाटलीत बुडवलेला इवलासा पंप. माती सुकली की स्क्रीनवर 'मला तहान लागली आहे' अशी अक्षरं उमटतात, पंप घुरघुरतो आणि शेजारचा मुलगा एका दमात सगळं पाठ म्हणून दाखवतो. सामान बहुतेकदा लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन आणलेलं, आणि शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथलंच.

मला हा प्रकार मनापासून आवडतो. घोडबंदर रोडच्या विसाव्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलाचा मातीशी संबंध यायचा तर तो गॅलरीतल्या कुंडीतूनच येणार, आणि वायर जोडायच्या निमित्ताने का होईना, त्याचं बोट मातीत जातं. माझी तक्रार त्या स्क्रीनवरच्या वाक्याबद्दल आहे. सेन्सर झाडाची तहान मोजत नाही. तो मातीचा एक विद्युत गुणधर्म मोजतो. या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे, खरी वनस्पतिशास्त्राची शाळा तिथे भरते.

आधी सेन्सर. स्वस्तातला जो प्रकार आहे, त्याचे दोन्ही दात उघड्या धातूचे असतात. मातीतल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यातून वीज वाहते. पाणी जास्त तर विरोध कमी. गोची अशी, की चिमूटभर खत टाकलं तरी विरोध कमी होतो आणि यंत्राला माती अचानक 'जास्त ओली' वाटू लागते. शिवाय सतत एकाच दिशेने वीज सोडली की धन टोकाचा धातू विरघळून मातीत उतरतो. काही आठवड्यांत एक दात काळा पडून झिजलेला दिसतो तो यामुळे.

दुसरा प्रकार कपॅसिटिव्ह. त्याच्या धातूवर लेप असतो, मातीशी थेट स्पर्श नाही. विद्युत क्षेत्रात ठेवलं की पाण्याचे रेणू त्या क्षेत्राच्या दिशेने वळतात, कारण त्यांचं एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण असतं. या वळण्यामुळे पाण्याचा परावैद्युत स्थिरांक, म्हणजे विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचा आकडा, ८०च्या आसपास जातो. हवेचा १, कोरड्या मातीतल्या खनिजांचा ३ ते ५. एवढा मोठा फरक असल्यामुळे मातीत पाणी किती ते सहज पकडता येतं. मुलं इथे एका गोष्टीला हमखास अडखळतात: या सेन्सरचा आकडा माती कोरडी असताना मोठा येतो आणि ओली असताना लहान. म्हणून आधी तो हवेत धरून एक आकडा घ्यायचा, मग खुणेच्या रेघेपर्यंत पाण्यात बुडवून दुसरा. हे दोन आकडे वहीत लिहिल्याशिवाय पुढचा प्रोग्रॅम लिहूच नये.

आता त्या मुलाला एकच प्रश्न विचारा. माती ओलीचिंब आहे आणि तरी झाडाने मान टाकली आहे. यंत्र काय म्हणेल? यंत्र म्हणेल, 'मी मजेत आहे!' आणि हसरा चेहरा दाखवेल.

हे काही क्वचित घडणारं नाही. गॅलरीतली झाडं पाण्यावाचून मरतात त्याहून, माझ्या मते, जास्त पाण्याने मरतात. 'मुळं कुजली' असं आपण म्हणतो खरं, पण कुजणं नंतरचं. झाड त्याच्या आधीच, चांगली पांढरी मुळं पाण्यात असतानाच, तहानेने सुकायला लागतं. पाण्यात उभं राहून तहान कशी लागते, हे मला वनस्पतींबद्दल ठाऊक असलेल्या गोष्टींमधलं सगळ्यात सुंदर कोडं वाटतं.

मुळांना श्वास लागतो. शाळेत आपण प्रकाशसंश्लेषण इतकं घोकतो की झाड म्हणजे ऑक्सिजन देणारा कारखाना अशीच समजूत होते. मुळं ऑक्सिजन घेतात हे डोक्यातून निघून जातं. चांगल्या मातीत कणांच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते. पाणी भरलं की ती हवा बाहेर. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर आपल्याकडच्या तापमानाला एक लिटर पाण्यात विरघळलेला जेमतेम ८. तो असतो तोही हलत नाही: पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट हळू पसरतो. संध्याकाळी लोकल रिकामी झाल्यावर ठाणे स्टेशनच्या पुलावर उलट्या दिशेने चालून पाहिलं असेल, त्याला या रेणूची अवस्था कळेल. मुळांनी जवळचा ऑक्सिजन वापरून टाकला की नवा येईपर्यंत त्यांची उपासमार होते.

यापुढचं थोडं सावकाश वाचा. पाणी मुळाच्या पेशीत शिरतं त्यातला बराच भाग पेशीपटलातल्या नळीसारख्या खास प्रथिनांमधून जातो. त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. अशी एकेक नळी सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू एका रांगेत आत सोडू शकते. तिच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्री यांना २००३ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याच वर्षी फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की वनस्पतींमध्ये या नळीला झाकण असतं. ऑक्सिजन संपला की पेशीचं ऊर्जेचं उत्पादन कोसळतं. हायड्रोजन आयन बाहेर फेकणारे पंप ऊर्जेवर चालतात, ते मंदावतात आणि पेशीच्या आतला द्रव आम्लधर्मी होतो. नळी म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी; तिच्यात १९७ व्या जागी हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल आहे. ते एक हायड्रोजन आयन पकडतं, त्यामुळे साखळीचा एक लोंबता फास आपली जागा बदलतो आणि नळीचं तोंड बंद होतं. हे उघडं आणि बंद रूप अणूअणूच्या पातळीवर दिसलं ते २००६ मध्ये, तेही आपल्या पालकाच्या भाजीतल्या अ‍ॅक्वापोरिनमध्ये.

वर पानांना यातलं काही माहीत नसतं. ती ऊन-वाऱ्यात पाणी सोडतच राहतात. खालून आवक बंद, वरून जावक चालू. पेशींमधला दाब उतरतो आणि पान लोंबतं. आपण ते बघतो, 'अरेरे, सुकलं' म्हणतो आणि आणखी एक तांब्या ओततो.

पावसाळ्यात तुळशीच्या बाबतीत हेच होतं. रोज सकाळी आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी घालायचं, बाहेर मुसळधार पाऊस असो वा नसो. अंगणातल्या वृंदावनात ते पाणी खाली झिरपून जायचं आणि वर दिवसभर ऊन असायचं. सेफ्टी ग्रिलमागच्या आठ इंची प्लास्टिकच्या कुंडीत दोन्ही नाही. श्रावणात तुळस काळवंडते आणि मग कुणीतरी आवाज खाली आणून सांगतं की तुळस सुकली म्हणजे घरावर काही येणार. काही येत नसतं. कुंडी ताटलीतून उचला, भोक मोकळं करा, पाणी थांबवा. हात जोडायला कुणाची हरकत नाही, तांब्या मात्र माती बघून ओता.

आणि मग मुलांना खाडीवर न्या. ठाणे खाडीच्या काठाने मैलोन् मैल तिवरांची, म्हणजे खारफुटीची, झाडं चिखलात उभी आहेत. दिवसातून दोनदा भरती येऊन त्यांची मुळं बुडतात, तीही खाऱ्या पाण्यात. फ्लेमिंगो पाहायला लोक ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जातात, खाडीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जाही मिळाला; पण ओहोटीच्या वेळी पक्ष्यांवरून नजर जरा खाली आणली तर तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून वर आलेल्या शेकडो पेन्सिली दिसतील. ती श्वसनमुळं. त्यांच्यावर बारीक छिद्रं असतात आणि आत हवेच्या पोकळ्या थेट चिखलातल्या मुळांपर्यंत गेलेल्या असतात.

ही मुळं नुसती हवा येण्याची वाट बघत नाहीत. भरतीत छिद्रं पाण्याखाली जातात, पण पाणी आत शिरत नाही. आतला ऑक्सिजन मुळं वापरत राहतात आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बराचसा पाण्यात विरघळून जातो, त्यामुळे आतला दाब कमी होत जातो. ओहोटी लागून छिद्रं उघडी पडली की बाहेरची हवा आपोआप आत खेचली जाते. शास्त्रज्ञ पर स्कोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये खारफुटीच्या मुळांत दाब आणि ऑक्सिजन मोजून हे दाखवलं. छाती नाही, फुप्फुस नाही, आणि खाडीच्या तालावर दिवसातून दोनदा श्वास. मुरबाड-शहापूरच्या खाचरातलं भातही अशाच, पण साध्या सोयीने तगतं: पानांपासून मुळांपर्यंत हवेच्या नळ्या. तुळशीला यातलं काहीच नाही.

मोबाइल बरोबर असेलच, तर आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या ॲपवर त्या पेन्सिलींचा फोटो टाकू द्या. घरच्या कुंडीचा फोटो टाकताना मात्र ठिकाण धूसर करायला शिकवा, नाहीतर मुलाचा पत्ताच जगाला कळतो.

सेन्सर फेकून द्या असं माझं म्हणणं नाही. त्याच्या जोडीला स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. मातीवर प्लास्टिकची पिशवी पसरून खोडाभोवती सैल बांधायची, म्हणजे मातीतून बाष्पीभवन होणार नाही, आणि कुंडीचं वजन सकाळ-संध्याकाळ लिहायचं. जे ग्रॅम कमी झाले ते पानांतून गेलेलं पाणी. मुळं जे पाणी घेतात त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त असंच हवेत जातं. मे महिन्यातल्या उन्हाच्या दिवशी हा आकडा ठळक दिसेल, रात्री तो घसरेल, आणि जुलैतल्या झडीच्या दिवशी, हवाच पाण्याने भरलेली असताना, काटा जेमतेम हलेल. रोज ठरावीक पाणी देणारा टायमर पावसाळ्यात झाड का बुडवतो, ते मुलाला मग कुणी समजावून सांगावं लागत नाही. प्रयोग झाला की पिशवी काढायची. मुळांना हवा हवी आहे.

प्रोग्रॅममध्येही एक ओळ वाढवता येईल. सध्या तिथे एकच अट असते: माती कोरडी तर पंप चालू. दुसरी अट मुलाने स्वतः डोळ्यांनी बघून एका बटणाने द्यायची: पान लोंबलं आहे का? पान लोंबलं आणि माती कोरडी, तर पाणी. पान लोंबलं आणि माती ओली, तर पंप बंद आणि स्क्रीनवर 'कुंडी उचलून बघ'. उचलल्यावर तळाला भोक आहे का तेही दिसेल. प्रदर्शनातल्या ज्या स्मार्ट कुंड्या मी उचलून पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच कुंड्यांना ते नव्हतं. टेबल ओलं होतं म्हणून बुजवलं होतं.