हिपॅटायटिस बी

रक्त आणि शरीरातील इतर स्रावांमधून पसरणाऱ्या विषाणूमुळे यकृताला येणारी सूज. मराठीत या रोगाला ब-यकृतशोथ किंवा ‘ब’ प्रकारची कावीळ म्हणतात. बोलण्यात ‘पांढरी कावीळ’ असेही ऐकू येते. कावीळ हे खरे तर एका लक्षणाचे नाव आहे आणि इथे ते चकवा देते. हा विषाणू ज्यांच्या शरीरात कायमचा मुक्काम ठोकतो, त्यांतल्या बहुतेकांचे डोळे कधी पिवळे झालेलेच नसतात.

याचे कारण विषाणूच्या वागण्यात आहे. तो यकृताच्या पेशीत शिरून वाढतो, पण पेशीला स्वतः फारशी इजा करत नाही. नासधूस होते ती आपली प्रतिकारशक्ती बाधित पेशींवर तुटून पडते तेव्हा. धडधाकट प्रौढात हा हल्ला जोरदार असतो. भूक मरते, मळमळते, लघवी गडद होते, काहींना कावीळही होते. आणि शंभरातले पंचाण्णव जण सहा महिन्यांत विषाणूमुक्त होतात. नवजात बाळाच्या शरीराला मात्र विषाणू परका आहे हेच कळत नाही. बाळ हसतेखेळते राहते, आणि लस मिळाली नाही तर अशा शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत रोग जुनाट होतो. पुढे वीस-तीस वर्षांनी त्यांतल्या काहींत सिऱ्होसिस (यकृत निबर होऊन निकामी होत जाणे) किंवा यकृताचा कर्करोग समोर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 साली जगात सुमारे 25.4 कोटी लोक जुनाट बाधेसह जगत होते. त्यांतले जवळपास 3 कोटी भारतात होते.

काविळीची माळ आणि चुन्याच्या निवळीत हात धुणे हे गावठी उपाय ‘लागू पडतात’ ते कावीळ झालेला प्रौढ बहुधा आपोआप बरा होतो यामुळेच. माळेचा दोरा सैल होत गेला की ती लांबते. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असेल तर निवळी पिवळी होते, मग हात निरोग्याचे का असेनात. रोगी तोवर आपोआप बरा होत आलेला असतो. जुनाट बाधेचा माणूस या उपायांकडे वळतच नाही, कारण त्याला उतरवायला कावीळच नसते.

अमेरिकी शास्त्रज्ञ बारूख ब्लूमबर्ग यांना 1960च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात या विषाणूच्या आवरणातील प्रथिन सापडले. आपल्याकडच्या काही प्रयोगशाळा रक्तातले हे प्रथिन शोधण्याच्या तपासणीला अजून ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी ‘एचबीएसएजी’. ब्लूमबर्ग यांना 1976चे नोबेल मिळाले. त्यांचा जन्मदिवस, 28 जुलै, हाच जागतिक हिपॅटायटिस दिन.

पावसाळ्यात गढूळ पाण्यातून पसरते ती ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ. ‘बी’ पाणी उकळून टळत नाही आणि एका ताटात जेवल्याने होत नाही. तो पसरतो बाधित आईकडून बाळाला, बहुधा प्रसूतीच्या वेळी, शरीरसंबंधातून, न तपासलेल्या रक्तातून, दुसऱ्याचे ब्लेड किंवा टूथब्रश वापरल्याने, जत्रेत एकाच सुईने ओळीने गोंदून घेतल्याने. शरीराबाहेर हा विषाणू किमान सात दिवस तग धरतो, म्हणजे वाळलेला रक्ताचा थेंबही निर्धोक नसतो. 2009 साली गुजरातेत मोडासा भागात पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजमधून साथ पसरली आणि कित्येकांचा जीव गेला. सुई पाकिटातून आपल्यासमोर काढायला सांगण्यात भीड कसली?

प्रतिबंधाचा कणा म्हणजे लस. यीस्टमध्ये तयार केलेले विषाणूचे आवरण-प्रथिन तीत असते, जिवंत विषाणू नसतो. 1997 साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली आणि ती सामान्यांच्या आवाक्यात आली. सरकारी वेळापत्रकात जन्मानंतर 24 तासांच्या आत डाव्या मांडीत अर्धा मिलिलिटर, नंतर 6, 10 व 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीतून पुढचे डोस. यातला पहिलाच डोस हुकतो: बाळंतपण घरी झालेले असते, किंवा एका बाळासाठी दहा डोसची कुपी फोडायला कर्मचारी कचरतात. वास्तविक नीट साठवलेली उघडी कुपी चार आठवड्यांपर्यंत वापरता येते. गोठलेली कुपी मात्र फेकूनच द्यावी लागते. आई बाधित असेल तर बाळाला लसीसोबत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देतात. आईचा विषाणूभार, म्हणजे रक्तातले विषाणूंचे प्रमाण, जास्त असेल तर तिला गरोदरपणातच टेनोफोविर हे विषाणूरोधक औषध सुरू करतात. अंगावर पाजायला हरकत नसते.

अनेकांना आपली बाधा कळते ती रक्तदानानंतर, किंवा आखाती देशांत नोकरीला जाण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत. अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ वाचून घर हादरते. पण प्रत्येकाला लगेच औषध लागत नाही. यकृताची एन्झाइमे, विषाणूभार आणि सोनोग्राफी पाहून ते ठरते. टेनोफोविर किंवा एंटेकॅविरची रोजची गोळी विषाणूला दाबून ठेवते, मुळापासून उखडत नाही, म्हणून ती मनाने बंद करणे घातक. 2018 साली सुरू झालेल्या हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. जोडीदार, मुले आणि भावंडे यांचीही तपासणी करतात, आणि ज्यांना बाधा नाही व आधी लसही मिळालेली नाही त्यांना तीन डोस देतात.