तीन सिलिंडरची थरथर

तीन सिलिंडरचं (पेट्रोल जिथं जळतं त्या तीन नळकांड्यांचं) इंजिन म्हणजे चारातला एक गाळून केलेली काटकसर, असं छातीठोकपणे सांगणारे गाडीबाजारात पैशाला पासरी मिळतात. सिग्नलला उभ्या मारुती 800 चा थरथरणारा आरसा हा त्यांचा पुरावा. थरथर खरी आहे, निदान चुकलंय.

या गाडीचं घराणं जपानचं. तिथल्या 'केई' या छोट्या गाड्यांच्या वर्गात 1976 पासून इंजिनाला 550 सीसीची मर्यादा होती. मे 1979 मध्ये सुझुकीनं त्यात ऑल्टो आणली, किंमत 4,70,000 येन. स्वस्ताईमागे कराची पळवाट होती. प्रवासी गाडीवर कर होता, मालवाहूवर नव्हता. म्हणून मागची सीट नावापुरती, बाजूला दोनच दारं, आणि कागदोपत्री गाडी मालवाहू! तिची प्रवासी जुळी बहीण फ्रॉन्टे. याच जोडीचा 796 सीसीचा अवतार डिसेंबर 1983 मध्ये गुडगावहून मारुती 800 म्हणून बाहेर पडला.

आता तीनच सिलिंडर का? 796 सीसी तिघांत वाटले तर प्रत्येकी 265, चौघांत वाटले तर 199. सिलिंडर जितका लहान, तितकं त्याच्या आकारमानाच्या मानानं भिंतींचं क्षेत्रफळ जास्त. घडण तीच ठेवली तर चार सिलिंडरच्या भिंती एकूण सुमारे 10 टक्के जास्त भरतात. तेवढी जास्त उष्णता चाकांकडे न जाता रेडिएटरकडे जाते, शिवाय घर्षण वाढतं ते वेगळंच.

याची किंमत थरथरीत मोजावी लागते. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरण्यात बदलणाऱ्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत, म्हणजे 720 अंशांत, एकदाच पेटतो. तीन सिलिंडर असतील तर दर 240 अंशांना एक धक्का. पण पिस्टन, म्हणजे सिलिंडरमधला दट्ट्या, खाली ढकलला जातो तो जेमतेम 180 अंश; उरलेले 60 अंश कुणीच ढकलत नाही, फ्लायव्हील, म्हणजे क्रँकला जोडलेलं जड चाक, वेळ मारून नेतं. गाडी उभी असताना, मिनिटाला 800 फेऱ्यांच्या आयडलिंगला सेकंदाला 20 धक्के बसतात. चार सिलिंडरमध्ये सुमारे 27, आणि मध्ये खंड नाही. गंमत म्हणजे जपानमधल्या पहिल्या ऑल्टोचं 539 सीसी इंजिन तीन सिलिंडरचं, पण टू-स्ट्रोक होतं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर दर फेरीला पेटायचा. त्यात दर 120 अंशांना धक्का, म्हणजे सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकइतका सलग! पण ते पेट्रोलसोबत ऑइलही जाळायचं, धूर सोडायचं.

थरथरीचं दुसरं कारण जास्त सुंदर आहे. क्रँकचे तीन खिळे 120 अंशांवर असल्यानं पिस्टनच्या वरखाली होण्याची बलं बेरजेत शून्य होतात. मात्र ती एकाच जागी लागत नाहीत. पुढचं टोक वर ओढलं जातं तेव्हा मागचं खाली, मग उलट. अख्खं इंजिन सी-सॉसारखं डोलतं. बलांची बेरीज शून्य, आघूर्णाची (बलांच्या फिरवण्याच्या परिणामाची) नाही. यावर इलाज म्हणजे क्रँकवरची प्रतिवजनं, डोलणं रोखायला उलट फिरणारा दांडा (बॅलन्स शाफ्ट) किंवा इंजिन ज्यांवर बसतं ते नुसते मऊ रबरी माउंट. जुन्या 800 ची थरथर अचानक वाढली, तर बऱ्याचदा हे माउंटच कडक झालेले किंवा फाटलेले असतात. पेट्रोलच्या नळीला 'मायलेज वाढवणारं' चुंबक बांधून यातलं काहीही सुधारत नाही; पेट्रोल चुंबकाला दाद देत नाही, पाकीट तेवढं देतं.

आजच्या ऑल्टो के10 मध्येही तीनच सिलिंडर आहेत, एकूण 998 सीसी.