वेशीवरचे वीरगळ : सोलापूरकडच्या गावांची जुनी युद्धस्मारकं

सोलापूर जिल्ह्यातल्या अनेक गावांत मारुतीच्या देवळापाशी किंवा वेशीजवळ शेंदूर फासलेला एखादा उभा दगड असतो. कुणी त्याला म्हसोबा म्हणतं, कुणी नुसतंच वीर. शेंदराखाली कोरलेले कप्पे दिसले, तर तो बहुधा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाचं स्मारक.

या भागातले बरेचसे वीरगळ ढोबळमानाने 11व्या ते 14व्या शतकातले मानले जातात. तेव्हा हा मुलूख कल्याणीचे चालुक्य, कलचुरी आणि यादव यांच्या सत्तांच्या ओढाताणीत होता. कलचुरींची सुरुवातीची राजधानी तर मंगळवेढ्यालाच होती. पण सगळे वीर राजांच्या युद्धांत पडले असं नाही. गाईगुरं हीच गावाची दौलत, त्यामुळे ती पळवून नेणाऱ्या टोळीशी दोन हात करताना मेलेलेही पुष्कळ.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या कप्प्यात मरण असतं: ढाल-तलवारीची झुंज, आडवा पडलेला वीर. तिथे गाई कोरल्या असतील तर गोधन राखताना गेला, वाघ असेल तर शिकारीत किंवा वाघाच्या हल्ल्यात. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वरच्या कप्प्यात तो शिवलिंगासमोर हात जोडून बसतो, शेजारी पुजारी. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहील. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला, तर वीराबरोबर सती गेल्याची ती खूण.

नाव मात्र सहसा नसतं. कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर लेख आहेत, महाराष्ट्रातले बहुतेक मुके. इथे दगडावर लिहायची रीत नव्हती म्हणावं, तर भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके 940चा (इ. स. 1018) मराठी लेख आहेच. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव संगमरवरी पाट्या लावल्या, त्यांवरही गावातून किती गेले आणि किती कामी आले एवढे आकडेच आहेत. गावाने निदान मरण कसं आलं ते तरी कोरलं.

म्हणूनच तळाचा कप्पा सगळ्यांत मोलाचा, आणि नेमका तोच आधी जातो. रस्त्यावर डांबराचे थर चढतात, भराव पडतो, दगड गुडघाभर गाडला जातो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे दगड कलतो. मग कुणीतरी बुंध्याला सिमेंट ओततं. त्यातले क्षार ओलाव्याबरोबर दगडात चढतात आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात. ऑइल पेंट त्याहून वाईट, कारण तो ओल आतच कोंडतो. जीर्णोद्धारात तर वीरगळ पायरीला किंवा गटारीवर गेलेले सापडतात.

कललेला दगड उभा करायचाच असेल, तर खालचा न घडवलेला भागच जमिनीत जाऊ द्यावा आणि भोवती मुरूम व दगडाची कपची ठासावी. पाणी वाहून जाईल असा उतार काढावा. धूळ मऊ ब्रश आणि साध्या पाण्यानेच काढावी; तारेचा ब्रश आणि अॅसिड वर्ज्य. शेंदराची पुटं खरवडू नयेत, ते काम जाणकारांचं.

हलवण्याआधी नोंद हवीच: उंची, रुंदी, जाडी, तोंड कुठल्या दिशेला, वेशीपासून अंतर. शेजारी मोजपट्टी ठेवून सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्यावा; दुपारच्या उन्हात कोरीवकाम सपाट दिसतं. रेषा उठाव्यात म्हणून खडू मुळीच फासू नये. गोधनासाठी पडलेल्या वीराचा दगड शिवेवरून उचलून देवळाच्या आवारात आणला, की लढाई कुठे झाली असावी याचा एकमेव धागा तुटतो.

गावोगावचे बहुतेक वीरगळ संरक्षित स्मारकांच्या यादीत नाहीत. तरी शंभर वर्षांपेक्षा जुनं शिल्प 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. चोरी झालीच तर मापं आणि फोटो यांवाचून ओळख पटवणं अवघड, म्हणून त्यांची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि एक राज्य पुरातत्त्व विभागाकडे असावी.